दोन्ही गावांचा पाहुणा

स्टेफीचं लग्न रविवारी होतं आणि मंगळवारी सकाळी तिच्या घरासमोरच्या पुळणीवर मेलेला देवमासा येऊन लागला.

राजोडीत पॉलचं घर वस्तीच्या अगदी टोकाला. पुढं सुरूची झाडं, त्यापुढं वाळू, त्यापुढं समुद्र. मंडपाचे बांबू आदल्या दिवशीच उभे राहिले होते. त्यांच्यामधून बघितलं की मासा बरोब्बर समोर दिसायचा, फोटोग्राफरनं मुद्दाम मागं ठेवल्यासारखा. दोन होड्या एकापुढं एक लावाव्यात एवढा लांब. पहिल्या दिवशी त्याचं कौतुकच झालं. आगाशीपासून माणसं आली, बाप पोरांना खांद्यावर घेऊन उभे राहिले, कुणी शेपटीवर हात ठेवून फोटो काढले, एका म्हातारीनं तर त्याला हात जोडले. तिसऱ्या प्रहरी वारा फिरला आणि कौतुक संपलं. माशाचा वास या घराला नवा नव्हता, सगळा जन्म त्यावरच गेलेला. पण हा वास वेगळा होता, गोडसर आणि जड, घशात बसून राहणारा. तो वाळत घातलेल्या कपड्यांत शिरला, पिठाच्या डब्यात शिरला. संध्याकाळी पॉलनं ताट बाजूला सारलं.

"रविवारी पंगत हीतं बसायची हाय," तो म्हणाला. "कळंबची मानसं काय नाकाला कापूस लावून जेवतील?"

पॉलचे गुडघे गेले तेव्हापासून होडी त्याचा मुलगा ऑस्कर चालवायचा, आणि ऑस्करची बायको जीना शनिवार-रविवारी अंगणात खानावळ चालवायची. तांदळाची भाकरी, कालवण, तळलेला बोंबील. मुंबईहून येणारी माणसं बोटं चाटत जायची. स्टेफी पॉलची धाकटी, विरारला एका लॅबमध्ये कामाला. तिचं लग्न ठरलं होतं कळंबच्या केनीशी, आणि हा केनी म्हणजे जीनाचा चुलतभाऊ. जीना कळंबचीच. केनीचे वडील आलोशियस तिचे सख्खे काका, तिकडच्या मच्छीमार संस्थेचे चेअरमन, आणि स्वभावानं तिखट. सोयरीक जीनानंच जुळवली होती. त्यामुळं दोन गावांत काही बिनसलं तर तिच्यासाठी आपलेच दात आणि आपलेच ओठ. मासा लागल्यापासून सगळ्यांत जास्त घोर तिलाच लागला होता.

सरकार आलं नाही असं म्हणता यायचं नाही. सरकार त्याच दिवशी आलं, दोनदा आलं, पण वेगवेगळं आलं. सकाळी पालिकेचे स्वच्छता निरीक्षक जयवंत आले. इस्त्रीचा शर्ट, नाकाला रुमाल. त्यांनी माशाभोवती लांबून एक फेरी मारली आणि लसूण सोलत बसलेल्या जीनाला सांगितलं, "हा संरक्षित प्राणी आहे. वनखात्यानं पंचनामा केल्याशिवाय आम्हाला खराटासुद्धा लावता येत नाही. त्यांचं कोणी आलं तर मला कळवा हं." आपला नंबर देऊन ते गेले.

दुपारी स्कूटीवरून वनरक्षक ज्ञानदा आली. वयानं स्टेफीएवढी, उन्हानं रापलेली. ती जवळ गेली, वाकून डोळा बघितला, कातडीवर बोट दाबून बघितलं. परत येऊन म्हणाली, "पंचनामा होईल. पण डॉक्टरांना तपासायला तो पाण्याबाहेर हवा. वर ओढायला मशीन हवं, आणि मशीन पालिकेचं. त्यांचं कोणी आलं होतं का?"

"सकाळीच येऊन गेले की," जीना म्हणाली.

"मग पुन्हा आले तर मला फोन करा," ज्ञानदा म्हणाली आणि तिनंही नंबर दिला.

म्हणजे मशीन येणार पंचनामा झाल्यावर, आणि पंचनामा होणार मशीन आल्यावर. घोंगडं असं भिजत पडलं. दोघंही माणसं वाईट नव्हती, दोघांचंही म्हणणं खरं होतं, आणि मासा मात्र फुगत चालला होता.

बुधवारी ऑस्करनं स्वतःचं डोकं चालवलं. बायकोला विचारलं नाही, बापाला विचारलं नाही. सकाळच्या भरतीला मासा थोडा हलायला लागला तसं त्यानं दोन मित्रांना घेतलं, शेपटीला दोर टाकला आणि होडीला बांधून तो ओढत समुद्रात नेला. खोल पाण्यात सोडायचा असं मनात होतं. पण इंजिन तापलं, दोर कातडीवरून घसरायला लागला, शेपटी मुळापासून ढिली झाली, आणि वारा होता दक्षिणेकडं वाहणारा. तासाभरात तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोर सोडून दिला. घरी येऊन ऑस्करनं छाती पुढं काढून सांगितलं, "गेला. परत नाय यायचा."

"गेला म्हंजी कुठं गेला?" जीनानं विचारलं.

"समिंदरात."

"समिंदर काय तुझ्या खिशातला हाय? वारा कुनीकडं व्हता?"

ऑस्करनं डोकं खाजवलं. दक्षिणेला पहिलं गाव कळंब.

संध्याकाळी मासा कळंबच्या पुळणीवर लागला, नेमका आलोशियसकाकांच्या संस्थेच्या शेडपुढं. गुरुवारी सकाळी काकांच्या तोंडचा चहा गेला. आणि गुरुवारच्या भरतीला कळंबच्या काही पोरांनी, कुणी ते तेव्हा कुणी सांगितलं नाही, त्याला पुन्हा होडीला बांधलं आणि वर राजोडीकडं आणून सोडलं. दुपारी तो मंडपासमोर होता तिथंच परत होता. फक्त आता जास्त फुगलेला, निळा-जांभळा, कातडीचे पापुद्रे सुटलेले, आणि शेपटीची एक बाजू लोंबती. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. ह्या पाहुण्याला तर दोन्ही गावांनी दारातूनच हाकललं होतं.

फोन यायचा होता तो आलाच. जीना तेव्हा शेजारणींबरोबर फुग्यांचं, लग्नाघरी तळतात त्या गोल पावांचं, पीठ मळत होती. हात पिठाचे, म्हणून स्टेफीनं फोन तिच्या कानाला धरला.

"जीना," काका म्हणाले, "आमी हुंडा घेत नाय हे तुला म्हायत हाय ना?"

"म्हायत हाय, काका."

"मंग ह्यो मासा कोनी धाडला?"

जीनाला हसू आलं, ते तिनं ओठ दाबून आवरलं.

"हे बघ," काका पुढं म्हणाले. "लगीन चर्चात व्हईल. फादरला शबूद दिलाय, तो मोडायचा नाय. पन तुमच्या मंडपात आमची मानसं जेवायला बसनार नाय. आधी तो तिकडनं गेला पायजे, आनि ज्यानं धाडला त्यानं माझ्या तोंडावर सांगलं पायजे. पोरगी आमची होनार, तिला काय बोल नाय. पन आमाला कोनी येडं समजू नये."

फोन बंद झाला. स्टेफीनं सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे भरून आले. "वयनी, वऱ्हाड जेवलं नाही तर आयुष्यभर ऐकावं लागेल मला. प्रत्येक भांडणात मासा निघेल."

"निघू दे की," जीना म्हणाली, पण तिला ठाऊक होतं की पोरगी बरोबर बोलतेय. लग्नातली पंगत मोडली की ती तीन पिढ्या मोडलेली राहते. बाहेर ऑस्कर होडीच्या सावलीत बसला होता. त्याच्याकडं बघून ती म्हणाली, "हात दाखवून अवलक्षन." एवढंच बोलली. यापेक्षा जास्त बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी जयवंतसाहेब पुन्हा आले, वरिष्ठांना फोटो पाठवायचे म्हणून. बघून लगेच निघायच्या बेतात होते. जीनानं त्यांना अंगणातूनच हाक मारली.

"साहेब, वनखात्याच्या बाई निघाल्यात. आत्ता येतील. दोन घास खाऊन घ्या तवर."

बाई निघाल्या वगैरे नव्हत्या. साहेबांना खुर्ची दिली, ताट दिलं, आणि जीना घरामागं जाऊन ज्ञानदाला फोन करून म्हणाली, "मॅडम, पालिकेचे साहेब मशीनची जागा बघायला आलेत. तुमची वाट बघत बसलेत, जेवले पन नाय." दोन्ही खोटंच होतं, पण अर्ध्या तासात दोन्ही खरं झालं. त्या दोघांचे नंबर अख्ख्या वसई तालुक्यात एकत्र असे फक्त जीनाच्याच मोबाइलमध्ये होते, हेही खरं.

मंडपाच्या सावलीत तिनं चौघांना बसवलं. जयवंत, ज्ञानदा, पॉल आणि ऑस्कर. वासाला उतारा म्हणून मध्ये धूप पेटवून ठेवला. गरम फुगे आणले, वाटीत कोलंबीचं कालवण. सुरुवातीला दोन्ही खाती एकमेकांकडं न बघता जेवली. जयवंत म्हणाले की पत्र पाठवायला हवं. ज्ञानदा म्हणाली की पत्र पाठवलंय. मग दोघंही गप्प झाले.

पॉलला गप्प बसलेली माणसं सहन होत नाहीत. तो म्हणाला, "साहेब, तुमी आधी कवा पुरलाय काय असला मासा?"

"नाही," जयवंत म्हणाले. मग फुगा मोडता मोडता थांबले. "म्हणजे, प्रयत्न केला होता. आधीच्या नोकरीच्या गावी. छोटा होता. ओहोटी होती, वाळू टणक दिसत होती, मी जेसीबी सरळ खाली नेला. चाकं रुतली ती रुतली. भरती आली आणि मशीन गेलं पाण्यात. ड्रायव्हर टपावर उभा, आणि मी किनाऱ्यावरून ओरडतोय. वर्षभर ऑफिसात मला पाणबुडीसाहेब म्हणायचे."

पॉल इतका हसला की त्याला ठसका लागला. ज्ञानदाही हसली. आणि मग, हसल्यामुळंच असेल, तिनंही सांगितलं. "माझ्या पहिल्या पोस्टिंगला मशीन बरोबर गेलं होतं. खड्डा बरोबर, जागा बरोबर. आम्ही त्याला तसाच पुरला, पोट न फोडता. आत वायू धरतो ना. दुसऱ्या दिवशी वाळूतून वर आलेला. लोक म्हणाले बाई, तुमचा मासा उठून बसलाय."

"अरे देवा," जयवंत म्हणाले आणि नाकाला लावायच्या रुमालानं त्यांनी डोळे पुसले.

"शेपटीला तर दोर बांधूच नका," ऑस्करला राहवलं नाही. "शेपटी निसटते. आमी बांधला तं…"

आणि तो थांबला. जीना दारात भांडं घेऊन उभी होती, ती तिथंच थिजली. पॉलनं जमिनीकडं बघितलं. संरक्षित प्राण्याला असं परस्पर हलवलं तर काय होतं ते वनखात्याची बाई सांगू शकत होती, आणि तिच्या अंगावर गणवेश होता.

ज्ञानदानं पाण्याचा एक घोट घेतला. "हे मी ऐकलं नाही," ती म्हणाली. "पण दोर कुठं बांधायचा नाही, ते ऐकलं. मग कुठं बांधायचा?"

"कुठंच नाय," ऑस्कर हळू आवाजात म्हणाला. "जाळ्यात घ्यायचा. जुनं डोलीचं पिशवीसारखं जाळं खालनं सारायचं, तो तरंगतो तवा. आनि जाळ्याला दोर."

त्यानंतर जेवण बाजूलाच राहिलं. जयवंतांनी बोटानं वाळूत खड्ड्याची जागा काढली. उद्या उधाणाची भरती, पाणी बाराच्या सुमाराला सगळ्यांत वर येणार. तेव्हा तो जितका वर तरंगेल तितका आणायचा, पुढं ओंडक्यांवरून होडीसारखा ओढायचा. पाणी पोचत नाही अशा ठिकाणी खड्डा आधीच तयार ठेवायचा. मशीन ओल्या वाळूवर उतरायचंच नाही. ते संध्याकाळीच मागवतो, जयवंत म्हणाले, कोरड्या वाळूत खड्डा खणायला पंचनामा लागत नाही. ज्ञानदा म्हणाली की डॉक्टर सकाळी लवकर, ओहोटी असतानाच येतील, मासा आहे तिथंच आधी तपासतील आणि मग पोटाला चीर देतील. खड्डा नेमका कुठं यावरून पॉल आणि जयवंत यांच्यात अर्धा तास वाजलं. पॉलनं काठी रोवून दाखवली ती जागा शेवटी धरली. संध्याकाळी तिथं मशीननं खणायला सुरुवात केली तर हातभर वाळूखाली खडकच लागला. पॉलनं काठी उचलली आणि म्हणाला, "हीतं तर माझ्या आज्ज्याच्या टायमाला वाळू व्हती." जयवंतांनी खुणावलेल्या जागेवर खड्डा झाला.

एक गोष्ट मात्र कुणीच बोललं नाही. ओढायला माणसं कमी होती. पावसाळ्यासाठी मासेमारी बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या फेऱ्या, राजोडीच्या बऱ्याच होड्या बाहेर. माणसं होती ती कळंबला. ऑस्करनं रात्रीपर्यंत दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या.

शनिवारी सकाळी डॉक्टरांनी मासा तपासला, पंचनाम्यावर सह्या झाल्या. मग सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं केलं आणि लांब दांड्याच्या कोयत्यानं पोटाला चीर दिली. कुकरची शिट्टी सुटावी तसा वायू सुटला. एक पोलीस होता तो पळत जाऊन सुरूच्या झाडाआड ओकला. मग भरती चढली. ऑस्कर आणि त्याचे मित्र छातीभर पाण्यात उतरले, जाळं खालून सारलं, दोन्ही बाजूंनी दोर घेतले. तेलकट पाणी त्यांच्या तोंडावर उडत होतं. लाट आली की ओढायचं, लाट गेली की दम धरायचा. मासा वर सरकला, वाळूला टेकला, आणि थांबला.

ओंडके आले. घासलेट आणि तेल लावून गुळगुळीत केलेले, होडी चढवायचे. पॉल किनाऱ्यावर उभा राहून आवाज देत होता, "हैश्या!" आणि दोर ताणला जात होता. हातभर सरकला. पुन्हा ताणला, वीतभर सरकला. तिसऱ्यांदा हललाच नाही. ऑस्करच्या तळव्यांची सालं गेली होती. जयवंतांनी बूट काढून दोराला हात लावला होता, त्यांचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. ज्ञानदा त्यांच्या मागं होती. पशुवैद्य डॉक्टर होते, पालिकेचा शिपाई होता, मंडपवाला आणि त्याचा भाऊ होता. तरी पुरत नव्हतं. आणि पाणी उतरायला लागलं होतं.

तेव्हा दक्षिणेकडून माणसं येताना दिसली. पुढं आलोशियस, पांढरा सदरा, हात मागं बांधलेले. मागं कळंबची वीसेक पोरं, त्यांत केनी. मासा पुन्हा आपल्याकडं ढकलतायत का, हे बघायला ते आले होते, हे न सांगता कळत होतं. जवळ येऊन ती सगळी थांबली. कुणी कुणाला हाक मारली नाही.

ह्या पुळणीचा एक रिवाज आहे. कुणाची होडी ओढताना दिसली की बघणाऱ्यानं दोराला हात लावायचा. भांडण असो, कोर्टात केस असो, बोलणं बंद असो, हात लावायचा. होडी वर आली की पुन्हा तोंड फिरवून चालू लागायचं. त्याबद्दल कुणी आभार मानत नाही आणि कुणी बोलावतही नाही. पण हा होडीचा रिवाज होता, माशाचा नव्हता. पॉलनं काकांकडं बघितलं नाही. त्यानं खाली ओंडक्यांकडं बघितलं आणि नेहमीचाच आवाज दिला.

"हैश्या!"

आलोशियस उभे राहिले. ओंडके बघितले, दोर बघितला, दोराला लागलेला साहेब बघितला. मग वाकून त्यांनी चपला काढल्या, एकावर एक नीट ठेवल्या, आणि ऑस्करच्या पुढची जागा घेतली. त्यांच्यामागं सगळं कळंब दोराला आलं.

"हैश्या!"

मासा हलला. ओंडके कुरकुरले. मागचे ओंडके उचलून पोरं पुढं पळायला लागली, पुढच्यांचे पाय वाळूत ढोपरापर्यंत जायला लागले, कुणाच्या तोंडातून शिवी गेली, कुणाच्या तोंडातून येशूचं नाव गेलं. जयवंत एकदा तोंडावर पडले आणि दात वाळूनं भरलेले तसेच उठले. ज्ञानदा ओरडत होती, "थांबू नका, थांबू नका." खड्ड्याच्या कडेला आणून शेवटचा जोर लावला आणि तो देवमासा हळूच कलून आत गेला. मशीननं वाळू लोटली. वाळूचा ढिगारा झाला तेव्हा पाणी खाली गेलं होतं आणि माणसं जिथं होती तिथं बसली होती. सगळ्यांच्या अंगाला ते तेल लागलं होतं. आता वास समुद्राकडून येत नव्हता, माणसांकडूनच येत होता.

जीनानं अंगणात पाण्याची पिंपं भरून ठेवली होती. सगळे ओळीनं बसून अंग घासायला लागले. साबण लावला, पुन्हा लावला, राख लावली. वास हलेना. जयवंत बिचारे हुंगून बघत होते आणि पुन्हा घासत होते. "मला घरात घेणार नाहीत," ते म्हणाले.

आत स्टेफीची हळद तयार होती. संध्याकाळी लागायची. पातेलंभर हळद, खोबरेल आणि नारळाचं दूध कालवलेली. स्टेफी दारात आली, एका नजरेत तिनं अंगण बघितलं, आत जाऊन ते पातेलंच उचलून आणलं.

"वयनी, ह्यांना लाव आधी."

"अगो, ती नवरीची हाय!" शेजारच्या म्हाताऱ्या बायका ओरडल्या. "आनि नवरा हीतं बसलाय! तोंड फिरव गो!"

स्टेफीनं तोंड फिरवलं, पण पातेलं सोडलं नाही. केनीनं दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि बोटांच्या फटीतून बघितलं, ते सगळ्यांनी बघितलं. मग जीनानं पहिला हात पातेल्यात घातला आणि जयवंतसाहेबांच्या डोक्यावरच थापला. पुढं कुणी कुणाला विचारलं नाही. ज्ञानदाला बायकांनी घेरलं. पशुवैद्य पिवळे झाले, पोलीस पिवळा झाला, मंडपवाला पिवळा झाला. हळद आणि नारळाच्या तेलानं तो वास खरंच सुटायला लागला, आणि अंगणात हसण्याचा असा गलका झाला की रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं वरात आजच आहे.

ऑस्कर आलोशियसकाकांच्या मागं बसून त्यांची पाठ चोळत होता. बराच वेळ चोळत होता. मग तो म्हणाला, "काका, बुधवारी तो मीच नेला व्हता."

काकांचे डोळे मिटलेले होते, हळद डोळ्यांत जाऊ नये म्हणून. "म्हायत हाय," ते म्हणाले. "तुझा निळा दोर आमच्या वाळूवर पडला व्हता. आख्ख्या किनाऱ्यावर तसला दोर तूच वापरतोस."

"मंग बोलला का नाय?"

"तू बोलशील म्हनून थांबलो." मग काकांनी एक डोळा उघडला आणि मुलाकडं वळवला. "आनि परत कोनी आनला, ते पन इचार. हा बघ, नवरदेव, पाय बघत बसलाय."

केनी पाय बघत बसला होता खरा. "ताय, सॉरी," तो जीनाला म्हणाला. जीनानं त्याच्या दोन्ही गालांना मूठ मूठ हळद फासली, जरा जोरातच. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती उगाचच पातेलं खरवडत राहिली. स्टेफीसाठी संध्याकाळी थोडीशीच हळद उरली. तिनं ती आनंदानं लावून घेतली.

रविवारी चर्चात लग्न लागलं. दुपारी कळंबचं वऱ्हाड बॅन्ड वाजवत मंडपात आलं आणि एकही माणूस मागं न राहता पंगतीला बसलं. वारा समुद्रावरूनच येत होता आणि त्याला नुसता मिठाचा वास होता. कडेच्या टेबलावर जयवंत आणि ज्ञानदा बसले होते, दोघांच्याही कानामागं अजून पिवळं होतं. जीना फुग्यांची टोपली घेऊन फिरत होती. पोरीला माहेर-सासर दोन्ही मिळालं, मलाही दोन्ही राहिलं, असं तिच्या मनात येत होतं आणि तिला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात जयवंतांचा फोन वाजला. त्यांच्यासारखाच कुणी साहेब, खाली कुठल्या तरी किनाऱ्यावरचा. त्यांच्याकडंही मासा लागला होता. तीन दिवस झाले, काय करायचं कळत नव्हतं, तुम्ही लोकांनी पुरला असं ऐकलं.

जयवंतांनी तोंडातला घास गिळला आणि सांगायला लागले. मशीन ओल्या वाळूवर नेऊ नका, खड्डा आधी खणा. ज्ञानदानं फोन ओढून घेतला आणि पोटाचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं. तिच्याकडून तो ऑस्करकडं गेला, त्यानं जाळ्याचं सांगितलं. पॉलनं उधाणाचं सांगितलं आणि वाळूखाली काठी मारून बघा हेही सांगितलं. आलोशियसकाकांनी मोठ्यानं ओरडून, जसं काही फोनची गरजच नाही असं, सांगितलं की शेजारच्या गावाला बोलवा, लाजू नका. पलीकडचा साहेब गोंधळला असावा. आमच्याकडं वनखातं वेगळं, पालिका वेगळी, बंदराचे वेगळे, कोळी लोकांच्या संस्था दोन, कुणी कुणाकडं जात नाही, असं काहीसं तो म्हणत होता. काकांनी फोन समोरून येणाऱ्या जीनाच्या कानाला लावला.

टोपली कमरेवर घेऊन तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते सगळं व्हईल, साहेब," ती म्हणाली. "आधी मला एवढंच सांगा. तुमच्याकडं त्या सगळ्यांचं जेवन कोन करतंय?"